गिल्गमेश नक्की कशामुळे बदलला?

‘मैत्रीने गिल्गमेशला माणूस बनवलं’ हे वाक्य तुम्हाला बऱ्याच नोट्समध्ये सापडेल. वाचायला छान आहे, पण तपासून बघू या.

मेसोपोटेमियातल्या या महाकाव्यात उरुकचा राजा गिल्गमेश प्रजेला छळतो, म्हणून देव त्याच्या तोडीचा एन्किडू घडवतात. दोघं आधी भिडतात, मग जिवलग होतात. राजा सुधारला का? मला तरी तसं दिसत नाही. दोघं देवदाराच्या जंगलात जाऊन तिथला राखणदार हुंबाबा याला मारतात. तो जिवाची भीक मागत असतो, आणि त्याला मारच म्हणून भरीस घालतो तो मित्रच! मैत्रीने धाडस वाढलं, शहाणपण नाही.

बदल होतो एन्किडू गेल्यावर. तो नेमका कसा, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. अक्कादी भाषेतल्या या महाकाव्याआधी गिल्गमेशवर सुट्या सुमेरियन कविता होत्या. त्यांत एन्किडू बहुतेक ठिकाणी सेवक आहे. तो मित्र कसा झाला, हे जेफ्री टिगे यांच्या १९८२च्या पुस्तकात जरूर वाचा. हुंबाबावरच्या सुमेरियन कवितेत गिल्गमेश तटावरून नदीत वाहणारी प्रेतं बघतो. आपणही असेच मरणार हे त्याला उमगतं, आणि तो ठरवतो, चला, नाव कमवू या.

महाकाव्यात प्रेत मित्राचं आहे. सहा दिवस, सात रात्री तो ते पुरू देत नाही, नाकातून किडा पडेपर्यंत. नाव तर कमवून झालंय, पण आता ते कामाचं नाही. तो राज्य सोडून रानोमाळ भटकतो. आम्हा विज्ञानवाल्यांच्या भाषेत, मरणाचं भान दोन्हीकडे आहे, व्हेरिएबल एकच: मेलेला कोण. (दोन्ही संहितांमध्ये शतकांचं अंतर आहे, त्यामुळे हा कंट्रोल्ड प्रयोग नव्हे, हेही लिहायला विसरू नका.)

पुढे हा किडा तो सिदुरीला सांगतो, नावाडी उर्शनबीला सांगतो, उत्नपिश्तिमलाही सांगतो, जवळपास त्याच शब्दांत. घाईत वाचणारे इथे पानं उलटतात. पण प्रत्येक वेळी बोलणं सुरू होतं मित्रापासून आणि येऊन थांबतं स्वतःच्या मरणावर. याला प्रेम म्हणायचं की भीती? माझं मत भीतीकडे झुकतं, पण मित्र नसता तर ती इतकी आत शिरली नसती. प्रपोजलमध्ये ‘मैत्रीचा प्रभाव’ असं लिहिण्याआधी ती तिन्ही भाषणं शेजारी शेजारी ठेवून वाचा.