तारण, लक्ष्मीबाई आणि आपण

बॉथेलमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला वर्षातून एकदोनदा तरी हा प्रश्न भेटतो : 'तुमचे तारण झाले आहे का?' प्रश्न अर्थात इंग्रजीत असतो. कधी दारात पत्रके घेऊन आलेले सभ्य जोडपे विचारते, कधी ऑफिसातला सहकारी. कधी मुलांच्या वर्गातली मैत्रीण निरागसपणे सांगून टाकते, की येशूला मानले नाही तर तुमचे आईबाबा नरकात जाणार. मराठी ख्रिस्ती मंडळी 'साल्व्हेशन'ला तारण म्हणतात. आपल्याला तारण म्हटले की घराचे कर्ज आठवते!

आपली उत्तरे ठरलेली. एक तर 'थँक यू' म्हणून दार लावायचे. नाहीतर 'सगळे धर्म शेवटी एकच' म्हणून विषय मिटवायचा. हे दुसरे उत्तर आपल्याला उदार वाटते. पण समोरचा माणूस म्हणतो आहे की येशू हाच एकमेव मार्ग. त्यावर 'सगळे एकच' म्हणणे म्हणजे त्याचे ऐकलेच नाही असे झाले. तिसरे काही उत्तर आहे का, या विचाराने मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली.

१९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेत धड्यापुरते वाचले. टिळकांचा विसराळूपणा आणि बाईंचा विनोद तेवढा लक्षात राहिला. समीक्षकांनीही भाषेच्या साधेपणाचे कौतुक भरपूर केले. पण पुस्तकाच्या गाभ्याशी जो धर्माचा प्रश्न आहे, त्याला आपण वाचक बगल देत आलो.

१८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने ना. वा. टिळकांना 'नवा करार' दिला. ते डोंगरावरील प्रवचनाने भारावले, तरी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेईपर्यंत बराच काळ गेला. त्यांनी विचार केला, पण एकट्याने केला. पत्नीला कळले ते सगळे उरकल्यावर. तारण एकाचे झाले आणि संसार दोघांचा मोडला. लक्ष्मीबाई हे दुःख लपवत नाहीत आणि नवऱ्याला खलनायकही करत नाहीत. मराठीत असा समतोल दुर्मिळ आहे.

पुढे त्या नगरला टिळकांकडे राहायला गेल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. त्यांना पटले ते प्रवचनाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मात्र पुस्तकाची एक उणीव सांगितलीच पाहिजे. जातीचा प्रश्न जितका ठसठशीत येतो, तितके पाप, क्षमा आणि क्रूस येत नाहीत. जात सोडण्यासाठी ख्रिस्ती व्हायलाच हवे होते का, ही शंका वाचकाच्या मनात उरते. ती भरून काढायला पंडिता रमाबाईंची पत्रे वाचावीत. १९७७ मध्ये ती महाराष्ट्रात पुस्तकरूपाने आली. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई आपल्या हितचिंतक सिस्टरांशी सिद्धांतांवरून वाद घालतात. ख्रिस्त मानला म्हणून आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करायला त्या तयार नाहीत. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. 'हो' म्हटल्यावरही या माणसांचा शोध थांबला नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये आपल्या बॉथेलच्या देवळाच्या भिंतीवर कोणीतरी 'चालते व्हा' अशा अर्थाचे शब्द रंगवले. दारात पत्रक घेऊन येणाऱ्याला त्याच माळेत ओवू नये. त्याचे म्हणणे मला पटत नाही, पण तो मला स्वर्गात शेजारी म्हणून बोलावतो आहे. त्याला प्रामाणिक उत्तर देणे लागते : तुमचे पुस्तक वाचले, हे पटले, हे पटले नाही.

हे सगळे मला आता निकडीचे झाले आहे, कारण माझी मुलगी मैत्रिणीबरोबर बायबलच्या अभ्यासाला जाऊ लागली आहे. 'जाऊ नकोस' म्हणण्याचा धीर झाला नाही, आणि म्हणून उपयोगही नव्हता. उद्या ती 'हो' म्हणाली, तर घरातले तिचे ताट वेगळे मांडायचे नाही, एवढे आम्ही दोघांनी ठरवले आहे. तिला सांगितले ते इतकेच : सगळे वाच, त्यांना अवघड प्रश्न विचार, घाई करू नकोस. आणि काहीही ठरवलेस तरी टिळकांसारखे करू नकोस. आधी घरी सांग.