घाटातला आकडा

रेल्वेने जात मोडली, असे आपले इतिहासकार अजूनही सहज लिहून जातात. उल्हास खोऱ्यातून बोरघाट चढलेल्या रेल्वेचा त्यांचा इतिहास पाहा. मार्ग 1863 साली खुला झाला, बोगदे 25. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, काम तडीस नेले. हे सारे नावानिशी. आणि 1861 साली घाटात राबणारे 42,000 मजूर? त्यांचा नुसता आकडा! पटकीने, सुरुंगाने, कडा कोसळून किती मेले, त्याची धड मोजदादही कोणी केली नाही. मजुरीपायी 1859 साली ते खवळून उठले, तेवढ्यापुरते कागदावर आले. तेही दंगेखोर म्हणून. मी इतिहासच शिकवतो. वर्गातला पाठही याहून निराळा नाही.

याच वाटेने घाटावरचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत उतरला, मागोमाग आपली माणसेही उतरली. पण विणकाम खाते अस्पृश्यांना बंद. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून सवर्ण कामगाराला विटाळ! 1928 च्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार-पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. रेल्वे येऊन तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती.