पडद्यावरील गवई आणि पडद्यामागील नोकरी

प्रत्येक पिढी आपला आदर्श निराळ्या ठिकाणीं शोधीत असते. एके काळीं तो संतांमध्यें सांपडला, पुढें देशभक्तांमध्यें सांपडला. आजचा सुशिक्षित तरुण तो बहुधा गायकांमध्यें शोधतो. यांत हळहळण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या समाजाला सुराचें वेड आहे तो अगदींच वाया गेला असें कोणी म्हणूं नये. परंतु आदर्श कोणाला मानलें यापेक्षां त्याच्यापासून काय घेतलें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि या प्रश्नाचें उत्तर आजकाल गुरुगृहीं किंवा मैफलींत मिळण्याऐवजीं चित्रपटगृहांत आणि हातांतल्या मोबाइलवर मिळतें. म्हणून मराठी चित्रपटानें गवयाचें जें चित्र रंगविलें आहे त्याची परीक्षा करणें टीकाकाराला प्राप्त आहे.

विषय केवळ रसिकतेचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. माणगंगेच्या कांठीं वसलेलें म्हसवड हें पर्जन्यछायेंतलें गांव. पाऊस बेभरंवशाचा, तेव्हां येथला शिकलेला मुलगा पुण्याची वाट धरतो, आणि अलीकडे ती वाट पुष्कळदां हिंजवडीच्या एखाद्या कचेरींत, संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या रांगेंत जाऊन थांबते. सिद्धनाथाच्या रथाला असे तरुण गांवीं परत येतात. त्यांच्याशीं बोलतांना एक पालुपद वारंवार कानीं पडतें: "खरें जगणें त्या गवयाचें, आमचें हें पोटासाठीं." ज्या कामावर घर चाललें, धाकट्या बहिणीचें शिक्षण झालें, बापाचें कर्ज फिटलें, त्या कामाविषयीं मनांत अशी तुच्छता बाळगून तें रोज आठ-दहा तास करीत राहणें ही लहानसहान आपत्ति नव्हे. ही तुच्छता कोठून आली हें पाहूं लागलें म्हणजे तीन चित्रपट डोळ्यांपुढें उभे राहतात.

पहिला 'बालगंधर्व', रवि जाधव यांचा, २०११ सालचा. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांचें चरित्र मुळांतच नाट्यमय. १९११ सालीं 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीं घरीं तान्ही मुलगी दगावली असतां त्यांनीं प्रयोग रद्द होऊं दिला नाहीं, ही हकीकत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. चित्रपटानेंही ती भक्तिभावानें दाखविली आहे. पुढें १९१३ सालीं निघालेली गंधर्व नाटक मंडळी, शालू-अत्तरांचा थाट, आणि अखेर कर्जाचा डोंगर. सुबोध भावे यांचा अभिनय आणि देखाव्यांची श्रीमंती यांविषयीं दुमत होऊं नये. उणीव आहे ती निराळी. भास्करबुवा बखल्यांची तालीम, 'स्वयंवरा'च्या चालींवर घेतलेली मेहनत, एकेका पदाची घासूनपुसून केलेली बांधणी, यांना त्या मानानें फारच थोडी जागा मिळाली आहे. गवई घडला कसा, हें ओझरतें दिसतें. तो उधळला कसा, हें मनावर ठसतें. प्रेक्षक घरीं जातांना एवढेंच घेऊन जातो, कीं कलेसाठीं लेकीच्या मृत्यूकडे व सावकाराच्या तगाद्याकडे पाठ फिरवावी लागते.

दुसरा 'कट्यार काळजांत घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचें मूळ नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. त्याला जितेंद्र अभिषेकींचें संगीत होतें. त्यावरून सुबोध भावे यांनीं २०१५ सालीं चित्रपट केला. दोन घराण्यांची चुरस, हरलेल्याचा मत्सर, एक खून माफ असलेली राजगायकाची कट्यार आणि शत्रूच्या घरीं राहून चोरून विद्या मिळविणारा शिष्य, असा सगळा ऐवज येथें आहे. कथा रंगते, गाणीं तर फारच रंगतात. परंतु येथें गाणें म्हणजे युद्ध, आणि युद्धांत जो जिंकला तोच गवई. ज्याला दरबारांत जिंकावयाचें नाहीं, संध्याकाळीं घरीं बसून एखादा राग समजून घ्यावयाचा आहे, त्याला या सृष्टींत कोठेंही जागा नाहीं.

तिसरा 'द डिसाइपल', चैतन्य ताम्हाणे यांचा, २०२० सालचा. त्याच्या पटकथेला त्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत पारितोषिक मिळालें. गुणांनीं हा तिघांत श्रेष्ठ, यांत आम्हांस शंका नाहीं. त्याचा नायक शरद मुंबईंत शास्त्रीय गायन शिकतो, आणि पोटासाठीं जुन्या मैफलींच्या ध्वनिफितींचें नवें रूप करून विकणाऱ्या एका लहानशा संस्थेंत काम करतो. रात्रीं रिकाम्या रस्त्यांवरून दुचाकी हांकीत तो 'माई' नांवाच्या कधीं न पाहिलेल्या एका गायिकेचीं ध्वनिमुद्रित व्याख्यानें ऐकत असतो. लोभ सोडा, संसार सोडा, श्रोत्याची पर्वा सोडा, असा त्यांचा उपदेश. शरद तो तंतोतंत पाळतो, आणि तरीहि त्याचें गाणें उंबरठ्याच्या आंत येत नाहीं. तपश्चर्येनें वर मिळेलच अशी हमी नाहीं, हें कटु सत्य मराठी चित्रपटानें इतक्या संयमानें क्वचितच सांगितलें असेल. दोष एकच. शरदपुढें दोनच दारें ठेवलीं आहेत: एक संन्यासाचें, दुसरें दुकानाचें. पहिलें मिटलें म्हणून तो दुसऱ्यांतून निघून जातो. तिसरें दार असूं शकतें, याची कल्पनाहि चित्रपट करीत नाहीं.

आतां याच चित्रपटांच्या पडद्यामागें जाऊन पाहावें. 'बालगंधर्वां'त ज्यांचा गळा ऐकूं येतो आणि ज्यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ते आनंद भाटे भीमसेन जोशींचे शिष्य. आणि त्यांनीं गाणें सांभाळून संगणकाच्याच क्षेत्रांत नोकरी केली. 'कट्यारीं'तले पंडितजी म्हणजे शंकर महादेवन. ते संगणकशास्त्राचे पदवीधर, आणि गायनाला सर्वस्वीं वाहून घेण्यापूर्वीं सॉफ्टवेअरच्या नोकरींत होते. त्याच चित्रपटांत सदाशिवासाठीं गाणारे महेश काळे अभिषेकींचे शिष्य. तेहि अभियांत्रिकी शिकून अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांत राहिले. आणि 'द डिसाइपल'मध्यें शरदच्या वृद्ध, निःसंग गुरुजींची भूमिका करणारे अरुण द्रविड? मोगूबाई कुर्डीकर व किशोरी आमोणकर यांच्याकडे तालीम घेतलेले हे गायक व्यवसायानें रसायन-अभियंते. जो चित्रपट दोनच दारें दाखवितो, त्याच्या तिसऱ्या दारांतून आलेला गृहस्थ कॅमेऱ्यासमोर तंबोरा घेऊन बसला आहे! कथा एक सांगते आणि गळे दुसरी साक्ष देतात. आमच्या मतें साक्ष अधिक विश्वसनीय आहे.

या दोन कामांत नातें आहे काय? संगणकाचा प्रोग्राम लिहिणें म्हणजे यंत्राला एकामागून एक नेमक्या आज्ञा देणें. एक चिन्ह चुकलें तरी सारें अडून बसतें; आणि या कामाचा मोठा भाग दुसऱ्यानें पूर्वीं लिहिलेलें वाचण्यांत, त्यांतला दोष शोधण्यांत आणि तो काढतांना दुसरा शिरणार नाहीं याची काळजी घेण्यांत जातो. ज्यानें एकच पलटा महिनोन्‌महिने घोटला, गुरूनें 'पुन्हां' म्हटल्यावर निमूटपणें पुन्हां म्हटला, त्याला ही शिस्त परकी वाटूं नये. शिवाय यंत्र खुशामत करीत नाहीं. टाळ्यांनीं बिघडलेल्या कित्येक गवयांना असा श्रोता लाभता तर बरें झालें असतें. १८४३ सालीं एडा लव्हलेस या इंग्रज विदुषीनें बॅबेजच्या नियोजित गणनयंत्राविषयीं लिहितांना, स्वरांचे परस्परसंबंध नियमांत बसवितां आले तर असें यंत्र संगीतरचनाहि करूं शकेल, असा तर्क केला होता. डोनाल्ड क्नूथ यांनीं १९६८ पासून निघूं लागलेल्या आपल्या ग्रंथमालेच्या नांवांतच प्रोग्राम लिहिण्याला कला म्हटलें. ते स्वतः ऑर्गनहि वाजवितात. भेद आहे तो हा, कीं प्रोग्राममधला दोष एकदां निघाला म्हणजे निघाला. सूर मात्र रोज सकाळीं नव्यानें लावावा लागतो. गवयापासून प्रोग्रामरानें कांहीं घ्यावयाचें तर तें हें रोजचें नव्यानें लावणें घ्यावें.

प्रतिभावंत हा संसाराबाहेरचा प्राणी, ही समजूत आम्हां इंग्रजी शिकलेल्यांत शेले-बायरन यांच्या चरित्रांबरोबर दृढ झाली. आपल्याकडील चाल निराळी होती. गोरोबा मडकीं घडवीत राहिले, सांवतोबा मळा शिंपीत राहिले, नरहरीनें सोनारकी सोडली नाहीं आणि सेनानें आरसा खालीं ठेवला नाहीं. त्यांच्या अभंगांत त्यांच्या धंद्याचींच हत्यारें चमकतात. फार लांब कशाला, आमच्या माणदेशांत धनगरांचें गजीनृत्य पाहावें. पांढरा पायघोळ झगा, हातांत रुमाल, ढोलाच्या ठेक्यावर एकदम वळणारी ओळ. त्यांतला गडी उद्यां मेंढरांमागें जाणार आहे, म्हणून आज त्याचें पाऊल खोटें पडतें काय? कलावंत कीं मेंढपाळ, असा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाहीं, आणि त्यालाहि तो पडत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "शंकर महादेवन यांनीं नोकरी सोडलीच ना? तेव्हां तुमचें उदाहरण तुमच्यावरच उलटतें." आक्षेप बिनतोड दिसतो, पण तसा नाहीं. नोकरी सोडावी कीं ठेवावी हा हिशेबाचा प्रश्न आहे, पुण्याचा नव्हे. कोणाचा हिशेब सोडण्याकडे झुकतो, कोणाचा ठेवण्याकडे. दिवसाचे दहा तास कचेरीला दिल्यावर रियाजाला उरतें तें थोडें, आणि शिखरावर जाणाऱ्याला तेवढें बहुधा पुरत नाहीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं शिखरावर न गेलेला मनुष्य दरींत पडला असें होत नाहीं. शरदची शोकांतिका त्याला मधली वस्तीच दिसली नाहीं, यांत आहे.

गाण्याचा हात धरणारें मूल घरांत निघालें म्हणजे "पोटाचें काय?" म्हणून दरडावणारा बाप, आणि "सर्वस्व दे, नाहींतर तंबोरा खालीं ठेव" म्हणून बजावणारा चित्रपट, हे दोघे वरवर शत्रु दिसतात, वस्तुतः त्यांचें मत एकच आहे. एका आयुष्यांत एकच गोष्ट मावते, असें दोघांनाहि वाटतें. आमच्या घरांतून हें मत जितकें लवकर जाईल तितकें बरें. म्हणजे हिंजवडीचा तरुण आपल्या कामाची लाज न बाळगतां संध्याकाळीं तंबोरा जुळवील. आणि उद्यां एखाद्या दिग्दर्शकाला अशा साध्या, दुहेरी आयुष्याचा चित्रपट काढावासा वाटला तर त्याला नायक शोधण्यासाठीं लांब जावें लागणार नाहीं.