बऱ्हाणपूर-दर्शनातील ‘मोगल’ : मार्गदर्शकाच्या निवेदनाची चिकित्सा

१

ऐतिहासिक स्थळे दाखविताना मार्गदर्शक जे बोलतो, त्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे नाही. बखर, पोवाडा, कीर्तन यांची चिकित्सा होते. मार्गदर्शकाचे बोलणे मात्र कानावरून जाते आणि विसरले जाते, असा समज आहे. वस्तुतः हे निवेदन बरेचसे पाठ झालेले असते. त्याचा क्रम ठरलेला असतो, त्यातील विरामांच्या जागा ठरलेल्या असतात, आणि श्रोत्याने कोठे आश्चर्य करावे व कोठे हळहळावे हेही ठरलेले असते. शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत अनेकांची इतिहासाशी पडणारी पहिली, आणि पुष्कळदा शेवटचीही, गाठ अशाच निवेदनात पडते. म्हणून त्याची परीक्षा करणे अनाठायी नाही.

या परीक्षेसाठी खानदेशातून सहज घडणारी बऱ्हाणपूरची एक दिवसाची सहल हे चांगले उदाहरण आहे. जळगाव-भुसावळकडून ती रेल्वेने होते. धुळ्याकडून शिरपूर, चोपडे, यावल, रावेर अशा रस्त्याने होते. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, त्यामुळे मार्गदर्शकाची भाषा हिंदी, श्रोत्याची मराठी, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरची अहिराणी किंवा लेवा बोली. सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या या प्रवासात शाही किल्ला व त्यातील हमाम, जामा मशीद, शाहनवाजखानाची कबर, कुंडी भंडारा आणि तापीपलीकडील जैनाबादचा आहूखाना एवढी स्थळे साधारणतः पाहून होतात. या सर्वांस मिळून एकच नाव दिले जाते : मोगल वास्तू. प्रस्तुत विवेचनाचा विषय हे नाव आणि त्याने घडविलेले निवेदन हा आहे.

२

या निवेदनाचा नायक एक अनुपस्थित इमारत आहे. बऱ्हाणपुरात ताजमहाल नाही. तरी प्रत्येक वाक्य त्याच्याकडे वळते. हमामच्या छतावरील रंगकाम दाखवून त्यात ताजच्या नक्षीचे पूर्वरूप सुचविले जाते. शाहनवाजखानाची काळ्या दगडाची कबर ‘काला ताजमहल’ या नावाने पुढे येते. आहूखान्यापाशी, ताज मुळात तापीच्या काठीच व्हायचा होता, परंतु जमिनीत वाळवी निघाली आणि संगमरवर दूरवरून आणणे अवघड, म्हणून तो आग्र्याला गेला, ही कथा सांगितली जाते. हीच रीत दक्षिणेकडे छत्रपती संभाजीनगरातही (पूर्वीचे औरंगाबाद) दिसते. तेथे दिलरस बानू बेगमेचा मकबरा ‘दख्खनचा ताज’ म्हणून, आणि पुढे ‘गरिबांचा ताज’ म्हणून ओळखविला जातो.

उपमेला दोष नाही. अपरिचिताची ओळख परिचिताच्या साहाय्यानेच करून द्यावी लागते. परंतु उपमेत उपमेय प्रधान असावे असा संकेत आहे. येथे उपमान एवढे प्रबळ होते की उपमेय दिसेनासे होते. शाहनवाजखान हा अब्दुर्रहीम खानखानानाचा मुलगा. तो १६१९ साली वारला, म्हणजे मुमताज महलच्या मृत्यूपूर्वी १२ वर्षे. त्याच्या कबरीला ‘काला ताजमहल’ म्हणणे म्हणजे आजोबांना नातवाच्या नावाने हाक मारणे होय. हाक प्रेमाची असू शकते. तिच्यावरून वंशावळ मात्र लिहिता येत नाही.

३

‘मोगल’ हा शब्द या निवेदनात घराण्याचे नाव म्हणून येत नाही. तो जातिवाचक झालेला आहे. जिथे कमान, घुमट किंवा मनोरा आहे ते सारे मोगल, असा त्याचा अर्थ दिसतो. असा अर्थविस्तार केवळ हिंदी मार्गदर्शकानेच केला आहे असेही नव्हे. पेशवेकालीन मराठी पत्रव्यवहारात हैदराबादच्या निजामाला ‘मोगल’ आणि त्याच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हटलेले वारंवार आढळते, आणि पुढे बोलीत ‘मोगलाई’ अंदाधुंदीचाही वाचक झाला. तेव्हा हा शब्द ऐकताना मराठी श्रोत्याच्या मनात तो आधीच सैल झालेला असतो. बोलणारा सैल बोलतो आणि ऐकणारा सैल ऐकतो.

याचा परिणाम बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीपाशी स्पष्ट होतो. ही मशीद फारुकी घराण्यातील राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह याने बांधविली. तिच्यात अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ असून काळ विक्रम संवत् १६४६, शके १५११ असा पंचांगाच्या तपशिलासह दिला आहे. खानदेशच्या मुसलमान राजाने आपल्या मशिदीत आपली वंशावळ देवनागरीत कोरवावी ही गोष्ट साधी नाही. राज्यकारभारात आणि लेखनव्यवहारात तेथे कोणत्या भाषा शेजारी नांदत होत्या, याचा तो भिंतीत बसविलेला पुरावा आहे. पुढे अकबराने असीरगड घेतला आणि १६०१ मध्ये फारुकी राज्य संपले. त्या विजयाचा फार्सी लेख याच मशिदीच्या मनोऱ्यावर आहे. म्हणजे एका इमारतीवर तीन भाषा आणि दोन सत्ता यांचा क्रम उघड्यावर वाचता येतो : बांधणाऱ्याचे अरबी व संस्कृत आधी, जिंकणाऱ्याचे फार्सी नंतर. या मशिदीला ‘मोगल’ म्हणणारे निवेदन फक्त शेवटचा लेख वाचते. जिंकणाऱ्याने जेवढे सांगितले तेवढेच ते चार शतकांनी पुन्हा सांगते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. प्रांत जिंकल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून त्याला ‘दानदेश’ असे नाव दिले. ‘आइन-इ-अकबरी’त या सुभ्याचे तेच नाव येते. परंतु ते लोकांच्या तोंडी बसले नाही. बादशहाची आज्ञा असतानाही लोकांनी ‘खानदेश’च म्हटले. ज्या प्रदेशाच्या जिभेने मोगलांनी दिलेले नाव तेव्हा नाकारले, तीच जीभ आज कोणाचीही आज्ञा नसताना फारुकींच्या मशिदीला मोगल म्हणते.

४

नावांच्या बाबतीत आणखी दोन उदाहरणे बोलकी आहेत.

पहिले कुंडी भंडाऱ्याचे. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने शहराकडे आणण्याची ही योजना १६१५ च्या सुमाराची. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या, आहेत. त्यांतून हवा व उजेड खाली जातो, आणि डागडुजीसाठी माणूस उतरू शकतो. नाव वास्तूच्या रचनेवरून सरळ लागते. तथापि निवेदनात ते ‘खूनी भंडारा’ होते आणि मग त्याला जोडून पाण्याच्या तांबूस छटेची किंवा रक्तपाताची हकीकत येते. ‘कुंडी’मधील क चा ख व्हावा आणि त्याच वेळी ‘ण्ड’ चा ‘न’ व्हावा, याला ध्वनिपरिवर्तनाचा नियम दाखविता येत नाही. हे लोकव्युत्पत्तीचे कार्य आहे : अपरिचित शब्दाच्या जागी कानाला ओळखीचा आणि मनाला रोमांचक शब्द बसला. मराठी श्रोत्याच्या बाबतीत तर उरलेला शब्दही वाट चुकवितो. त्याला ‘भंडारा’ म्हणजे खंडोबाची हळद किंवा गावजेवण. पाण्याचा साठा त्याच्या मनात येत नाही. दोन्ही शब्दांच्या अर्थांत हा गोंधळ झाला की जलव्यवस्थेचे मूळ आश्चर्य, म्हणजे यंत्राविना केवळ उताराच्या हिशेबाने पाणी वाहविण्याचे कौशल्य, सांगायचे राहून जाते.

दुसरे उदाहरण ‘शाहनवाजखान’ या नावाचे. हे व्यक्तिनाम नव्हे. ही पदवी आहे, आणि ती एकाहून अधिक सरदारांना मिळालेली होती. बऱ्हाणपूरची कबर खानखानानाच्या मुलाची. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू ज्याची कन्या, तो सफावी कुळातील शाहनवाजखान वेगळा. दोन्ही स्थळे पाहणाऱ्या प्रवाशाने या दोघांना एक समजणे अगदी स्वाभाविक आहे. पदवी आणि नाव यांतील भेद एका वाक्यात सांगता येतो, आणि तो सांगणे हे मार्गदर्शकाचे काम आहे.

याउलट जेथे नावे खरोखर जोडलेली आहेत, तेथे निवेदन मौन पाळते. नासीरखान फारुकीने तापीच्या एका तीरावर वसविलेले बऱ्हाणपूर हे शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाचे, तर पलीकडचे जैनाबाद हे त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन यांच्या नावाचे. हे दोघेही खुलताबाद येथे चिरविश्रांती घेत आहेत, आणि औरंगजेबाची साधी कबर आहे तीही जैनुद्दीन यांच्याच दर्ग्याच्या आवारात. खुलताबादला जाणाऱ्या खानदेशी प्रवाशाला बादशहाची कबर दाखविली जाते. परंतु त्याच्या शेजारच्या दोन गावांची नावे ज्यांच्यावरून पडली ते दोघे येथेच आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही.

५

निवेदनाच्या वाक्यरचनेचाही विचार केला पाहिजे. ऐकीव माहिती दर्शविण्यासाठी मराठीत ‘म्हणे’ हा लहानसा शब्द आहे. ‘राणी येथे वारली’ आणि ‘राणी म्हणे येथे वारली’ या दोन वाक्यांत बोलणाऱ्याची जबाबदारी बदलते. हिंदी निवेदनात हेच काम ‘कहते हैं’ करते. अडचण अशी की हा प्रयोग तेथे जवळजवळ प्रत्येक वाक्याला लागतो. मुमताज महल १४ व्या अपत्याच्या जन्मसमयी जून १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात वारली, तिचे शव प्रथम जैनाबादच्या बागेत ठेवले आणि सुमारे ६ महिन्यांनी आग्र्याला नेले, ही हकीकत दरबारी इतिहासाने नोंदविलेली आहे. वाळवीमुळे ताज आग्र्याला गेला ही दंतकथा आहे. दोहोंनाही ‘कहते हैं’ लागले की दोहोंचे मोल सारखे होते. मग घरी परतलेला प्रवासी तो मजकूर मराठीत सांगताना ‘म्हणे’ गाळतो, आणि दंतकथाही साध्या भूतकाळात जाऊन बसते : ‘ताज आधी बऱ्हाणपूरलाच होणार होता.’ भाषांतरात हरवला तो एक अव्ययवत् शब्द. पण प्रमाण आणि प्रवाद यांतील सीमारेषा त्याच्यावरच उभी होती.

दंतकथा सांगूच नये असा याचा अर्थ नव्हे. तिच्यात एका शहराचे दुःख आहे : आपल्याकडे घडलेल्या गोष्टीचे स्मारक दुसरीकडे झाले, हे शल्य ती वाळवीच्या रूपाने बोलून दाखविते. ती दंतकथा म्हणून सांगितली तर तिची गोडी वाढेल.

६

परंतु या निवेदनाचा सर्वांत गंभीर दोष त्याने गाळलेल्या मजकुरात आहे. शाहजहान १६३० ते १६३२ या काळात बऱ्हाणपुरात का होता? खानजहान लोदीचे बंड आणि दक्षिणेतील मोहीम यांसाठी. आणि त्याच वर्षांत गुजरात, खानदेश व दख्खन येथे भयंकर दुष्काळ पडला होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशाहनामा’त त्याचे वर्णन आहे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत येथे लंगर उघडल्याचे आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये वाटल्याचे त्यात नमूद आहे. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. नंदुरबारसारख्या गावांत त्याने पाहिलेले प्रेतांचे दृश्य त्याने लिहून ठेवले आहे. हा मार्ग खानदेशच्या अंगावरून जातो.

मराठी श्रोत्याला हा दुष्काळ अपरिचित नाही. तुकोबांचे घर ज्या दुष्काळाने उद्ध्वस्त केले तो हाच, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तरीही आहूखान्यापाशी उभा असलेला तो श्रोता दोन गोष्टींचा सांधा जुळवीत नाही, कारण निवेदन तशी संधीच देत नाही. एका राणीचा मृत्यू सांगितला जातो आणि त्याच सुमारास, त्याच रस्त्यावर मेलेल्या अगणित माणसांबद्दल चकार शब्द निघत नाही. राणीविषयीची हळहळ खोटी नाही. ती अपुरी आहे. ज्यांच्या पूर्वजांनी तो काळ सोसला, त्यांनाच फक्त बादशहाच्या शोकाची गोष्ट सांगून परत पाठविले जाते.

७

थाळनेर धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी आहे. फारुकी घराण्याचे मूळ ठाणे ते. १३७० मध्ये मलिक राजाला हा मुलूख मिळाला आणि घराण्याच्या आरंभीच्या राजांच्या कबरी तेथे आहेत. त्यांना मराठीत ‘हजिरे’ म्हणतात. धुळ्याहून बऱ्हाणपूरला निघालेल्या गाडीला थोडी वाट वाकडी केली तर थाळनेर लागते. पण ‘मोगल वास्तू’ या शीर्षकाखाली ते बसत नाही, म्हणून गाडी थांबत नाही. शब्दाची व्याप्ती चुकली की प्रवासाचा मार्गही चुकतो.

मार्गदर्शकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. श्रोत्याला जे ऐकायचे असते ते तो सांगतो, आणि त्यावर त्याचे पोट आहे. खानदेशच्या शाळा-महाविद्यालयांनी व इतिहास-भाषेच्या अभ्यासकांनी त्याच्या हाती दुसरा मजकूर दिलेला नाही, हे अधिक खरे. असा मजकूर मराठीत तयार करणे अवघड नाही. त्यात फारुकी आणि मोगल ही नावे आपापल्या जागी असावीत. जामा मशिदीतील संस्कृत लेखाचा अर्थ असावा. नोंद कोणती व ‘म्हणे’ कोणते हे कळावे. आणि मुमताज महलच्या शेजारी १६३० च्या दुष्काळाला जागा असावी. थाळनेरपासून आरंभ करून बऱ्हाणपूरला संपणारी सहल तापीच्या काठाकाठाने जाते आणि एका राज्याचा आरंभ व शेवट एका दिवसात दाखविते. तीत ताजमहालाचे नावही जरूर यावे. मात्र ते शेवटी, आग्र्याला गेलेल्या वाटेचा उल्लेख म्हणून यावे.