फितीची खरखर आणि शायराचे नाव

ध्वनिफीत गेली आणि आवाजातली ऊबही गेली, असा शोक आपले प्रस्थापित संगीतरसिक करीत असतात. मला तो परका वाटतो. ज्यांच्या दिवाणखान्यात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या त्यांनी तो खुशाल करावा. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्रभर चालणारा आंबेडकरी जलसा तिच्यात मावणारच नव्हता.

१९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. पुढे ती वाशीमपर्यंत पोहोचली, तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ साली. आमच्या वस्तीत जयंतीच्या रात्री कुणीतरी मंचासमोर टेपरेकॉर्डर ठेवी आणि ९० मिनिटांच्या फितीत शायर, ढोलकी, कोरस, रडणारी पोरे सगळेच उतरे. ध्वनिमुद्रणाचे साधन प्रथमच आमच्या हाती आले होते. पण नकलेची नक्कल करताना खरखर वाढे, शब्द बुडत.

डिजिटल तंत्राने हा दोष मुळातूनच काढला. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत साठवतात. आकड्यांची नक्कल मुळाइतकीच शुद्ध राहते. तेव्हा तंत्र आपले वैरी नव्हे.

माझा आक्षेप वेगळा आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. चोखोबांच्या अभंगातही हीच नाममुद्रा आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याचा हक्काचा उतारा तो हाच! फितीवर गाणे शेवटपर्यंत ऐकले जाई, ते नाव कानी पडे. मोबाइलवर फिरतो तो ध्रुपदाचा तुकडा. मथळा ‘जयंती नॉनस्टॉप’, शायर बेपत्ता. कानाला जाणवणार नाहीत असे ध्वनी एमपी३ गाळते. शायराचे नाव मात्र आपणच गाळतो.

गाणे समाजाचे, मग नावाचा अट्टहास कशाला, असे कार्यकर्ते मला विचारतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाव मिळू दिले नाही, त्यांचेच नाव समाजाच्या नावाखाली पुसावे काय?

घरोघरच्या पेट्यांत फितींना बुरशी लागते आहे. विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी त्या वेळीच डिजिटल करून घ्याव्यात. सोबत शायर, गायक, कोरस, गाव आणि तारीख लिहावी. आणि शेवटचे कडवे कापू नये. खरखर राहिली तरी चालेल.