‘संध्याछाया’नंतरचे नाना-नानी

जयवंत दळवी यांच्या १९७०च्या दशकातील ‘संध्याछाया’ने अमेरिकेतील मुलाची वाट पाहणारे नाना-नानी मराठी मनात कायमचे बसविले. नाटकाच्या थोरवीविषयी आमचा वाद नाही; आक्षेप आहे तो आपल्या नंतरच्या आळसाविषयी. १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाई लोकांना खुली झाली आणि पुढे तेथील नागरिक झालेल्या मुलांना आईवडिलांस संख्येच्या मर्यादेविना नेता येऊ लागले. अनेक नाना-नानी खरोखरच गेले. त्यांच्याविषयी बोलताना आमची समीक्षा ‘एकाकीपण’ हा एकच शब्द वापरते, आणि तो आम्हांस अपुरा वाटतो. मोटार चालविता न येणाऱ्याला उपनगरात दुधासाठीही मुलाच्या सवडीची वाट पाहावी लागते. तिथे कधी नोकरी न केलेल्या पासष्टीच्या नवागताला मेडिकेअरचा विमा विकत घेण्यासाठीसुद्धा पाच वर्षे सलग राहावे लागते. नातवंडाचे मराठी हो-नाहीपुरते.

मराठी मंडळी तिथे कमी नाहीत. १९८१ साली स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने दर दोन वर्षांनी भरतात, गावोगावच्या मंडळांचे गणपतीही थाटाचे. पण हे सारे बहुधा शनिवार-रविवारी, नोकरदारांच्या सोयीने. म्हाताऱ्यांपुढे मंगळवारची दुपार असते.

इंदूर-बडोद्याच्या आमच्या आज्याही परमुलुखातच म्हाताऱ्या झाल्या. मात्र देऊळ, वाचनालय, हळदीकुंकवाची घरे त्यांना पायी गाठता येत. ‘संध्याछाया’त मुलाला दोष देऊन प्रेक्षक मोकळा होई. इथे मुलगा मायाळू, सूनही समंजस. तरी दुपार सरत नाही. त्या दुपारचे नाटक आम्हांस पाहायचे आहे.