कालिंदीचा प्रश्न आणि केतकरांचें उत्तर

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची ‘ब्राह्मणकन्या’ ही कादंबरी १९३० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत कलेची हेळसांड फार आहे हा आक्षेप जुना आहे आणि तो खोटा नाहीं. पात्रें मध्येंच चर्चा करूं लागतात, कथानक खोळंबतें, भाषा ओबडधोबड होते. ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेणाऱ्या लेखकाचा समजावून सांगण्याचा सोस येथेंहि आवरत नाहीं. असें असूनहि पुस्तक मिटल्यावर कालिंदी आमच्या मनांतून जात नाहीं. त्याचें कारण शोधणें अगत्याचें आहे.

कालिंदीचे वडील अप्पासाहेब डग्गे ब्राह्मण. आई शांता ही मंजुळा नांवाच्या रखेलीची मुलगी. असा विवाह करण्यास त्या काळीं धैर्य लागे. परंतु विवाह दोघांचा असला तरी त्याचा हिशेब पुढच्या पिढीस चुकता करावा लागतो. ब्राह्मणसमाज कालिंदीस आपली म्हणत नाहीं. आईकडून सांगण्यासारखी जात नाहीं. मग आपण कोण? वडिलांच्या धैर्याचा अभिमान धरावा, कीं त्यांनीं मुलांचा विचार केला नाहीं म्हणून त्यांच्यावर रागवावें? अखेर ती शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याकडे लग्नावांचून राहूं लागते. वरवर पाहतां हें वर्तन स्वैर वाटेल. पण त्यामागें निष्ठुर तर्क आहे. विवाह जातीच्या आधारें होतो. मला जात नाहीं. म्हणून विवाहहि नाहीं! आईबापांच्या संसारावर याहून कडक टीका कोणती असूं शकेल?

केतकरांचा मोठेपणा असा कीं, ते रक्ताला दोष देत नाहींत आणि सुधारणेची थट्टाहि करीत नाहींत. १९०९ सालीं त्यांनीं भारतीय जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला होता. १९२० सालीं त्यांनीं एडिथ कोन या ज्यू बाईंशीं विवाह केला; व्रात्यस्तोमविधीनें हिंदु झालेल्या त्याच शीलवतीबाई केतकर. तेव्हां हा प्रश्न त्यांना परका नव्हता. असे विवाह करावे कीं नाहीं, यापेक्षां त्या विवाहांच्या मुलांसाठीं समाजानें जागा ठेविली आहे काय, हें ते विचारतात. वैजनाथशास्त्र्यांची नवी स्मृति हें त्यावर त्यांचें उत्तर.

येथें मात्र आमचा मतभेद आहे. स्मृति पंगतींत पान मांडून देईल. मनांतील सल ती काढूं शकत नाहीं. रामरावाशीं विवाह झाल्यानें कालिंदीस घर मिळालें, हें खरें. पण आईचें कुळ न लपवितां आणि बापाचें न मिरवितां दोघांचीहि लेक म्हणून ताठ उभें कसें राहावें, हा तिचा खरा प्रश्न होता. त्यासाठीं शांतेच्या मनाचा ठाव अधिक घ्यावयास हवा होता. समाजशास्त्रज्ञानें येथें कादंबरीकारास मागें सारलें, असें आम्हांस वाटतें.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें भिन्नधर्मीय वधूवरांची सोय केली. तथापि कायदा दाखला देतो तो नवराबायकोस, ‘तुम्ही कोण?’ असें शाळासोबत्यांनीं विचारलें असतां मुलीनें काय सांगावें, हें तो शिकवीत नाहीं. तें घरांतच शिकवावें लागतें, आणि आईबाप एकमेकांच्या कुळाबद्दल ज्या आदरानें बोलतात त्यांतूनच तें शिकविलें जातें. ज्या घरांत दोन जाती, दोन धर्म किंवा दोन भाषा एकत्र नांदत आहेत, तेथील वडीलधाऱ्यांनीं ही ओबडधोबड कादंबरी अवश्य वाचावी. आणि वाचून झाल्यावर ती कपाटांत न ठेवतां मुलींच्या हातीं द्यावी.